चव सांगायची कशी? : सिंगल माल्ट, मराठी जीभ आणि राहून गेलेली समीक्षा

मराठी माणूस गाण्याबद्दल बोलू लागला की त्याच्या तोंडी किती नेमके शब्द येतात ते पाहावे. तान दाणेदार आहे, आवाज जवारीदार आहे, खर्ज भरीव आहे, सूर किंचित चढा लागला. मिरजेतला तंबोरा करणारा कारागीर घोडीवरचा दोरा केसभर सरकवतो आणि जवारी खुली झाली की बंद राहिली हे सांगतो. ऐकणाऱ्यालाही तो फरक कळतो, कारण त्या फरकाला नाव आहे. वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले, तेव्हा कानाने ओळखलेले बारकावे मराठी गद्यात मांडता येतात हे नव्याने सिद्ध करण्याची गरज उरलेली नव्हती.

आता याच माणसासमोर व्हिस्कीचा पेला ठेवा आणि कशी आहे ते विचारा. उत्तरे ठरलेली आहेत : ‘कडक आहे’, ‘स्मूथ आहे’, ‘पटकन चढते’, ‘महागाची आहे’. पहिली दोन उत्तरे घशाच्या प्रतिकाराविषयी आहेत, तिसरे डोक्याविषयी आणि चौथे खिशाविषयी. चवीविषयी यात एकही शब्द नाही. थोडा अधिक वाचलेला माणूस असेल तर तो बाटलीच्या खोक्यावरचे इंग्रजी वाचून दाखवतो : व्हॅनिला, टॉफी, सुके अंजीर, समुद्रकिनारा.

गेली काही वर्षे भारतीय सिंगल माल्ट व्हिस्क्या घरी, मोजक्या प्रमाणात, शेजारीशेजारी ठेवून तपासण्याचा आणि त्यांच्या नोंदी मराठीत करण्याचा उद्योग मी करीत आलो आहे. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो व्हिस्कीपेक्षा भाषेचा अधिक आहे. ज्या भाषेत खमंग, खरपूस, करपट, धुरकट, खवट, कुबट, ओशट, आंबूस, मातकट, मचूळ एवढे शब्द रोजच्या वापरात आहेत, ती भाषा पेल्यापुढे मुकी का होते? माझे म्हणणे असे की ही गरिबी शब्दांची नाही, भूमिकेची आहे. मद्याकडे पाहण्याच्या दोनच भूमिका मराठीने घडवल्या, निंदेची आणि हशाची. समीक्षेची तिसरी भूमिका घडायची राहून गेली.

१. सिंधूचे अश्रू आणि तळीरामाचे मंडळ

मराठीत दारूविषयीचा सर्वांत प्रभावी ग्रंथ कोणता, याबद्दल वाद होणार नाही. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. नाटकाची पंढरी म्हणवणाऱ्या आमच्या सांगलीत या नाटकाची ओळख करून द्यावी लागत नाही.

पण एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. ज्या नाटकाचे नावच पेल्यावरून आहे, त्यात पेल्यातल्या द्रव्याची चव हा विषय नाही. दारू कोणती, कशापासून काढलेली, कशी लागते, याला तिथे महत्त्व नाही. सनद रद्द झाल्याच्या अपमानाने जळणाऱ्या सुधाकराला विसर हवा आहे, स्वाद नव्हे. नाटककाराच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. शोकांतिकेत विष कडू होते की गोड, हे कुणी विचारत नाही.

या गांभीर्याच्या दुसऱ्या टोकाला तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ आहे. तिथे दारूबद्दल भरपूर बोलले जाते, पण ते बोलणे तर्काच्या कसरतीचे आहे. प्रेक्षकाला हसू येते, आणि हसता हसता दारूविषयी बोलणारा म्हणजे तळीराम हे समीकरण त्याच्या मनात घट्ट होते. पुढच्या शंभर वर्षांत आपण ही दोन पात्रेच फिरवून फिरवून लिहिली. दारूबद्दल गंभीरपणे लिहायचे तर सिंधूच्या बाजूने आणि हलकेफुलके लिहायचे तर तळीरामाच्या. दोघांनाही पेल्याचा वास घेण्याची गरज पडत नाही.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत असे झाले नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘माझे खाद्यजीवन’ किंवा दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ वाचताना चव हा विषय विनोदाने, स्मृतीने, अभ्यासाने, कशानेही पेलता येतो हे दिसते. म्हणजे जीभ होती, लेखणी होती. अडले ते एका विशिष्ट उंबरठ्यावर.

२. वाखाणणी हा गुन्हा

हा उंबरठा केवळ संस्काराचा नव्हता, काही काळ तो कायद्याचाही होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा इतिहास लिहिताना हातभट्टी, परवाने आणि मोरारजी देसाई यांची आठवण निघते, पण त्यातले एक कलम साहित्याच्या अभ्यासकांनी पाहायला हवे होते. दारू बाळगणे, विकणे, पिणे यांच्यावर बंदी होतीच, पण तेविसाव्या आणि चोविसाव्या कलमांत मादक पदार्थाची ‘वाखाणणी’ करण्यावरही बंदी होती. अमुक मद्य चांगले आहे असे जाहीरपणे म्हणणे, लिहिणे, छापणे हेच कायद्याच्या कक्षेत येत होते. ज्या १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला (१९६० साली त्याचे नाव सांगली झाले), त्याच वर्षी हा कायदा आला. आमच्या जिल्ह्याचा आणि या मौनाचा जन्म एकाच सालचा.

मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मुंबई राज्य विरुद्ध बलसारा’ या खटल्याचा निकाल दिला. कायद्याचा मोठा भाग टिकला. औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांसंबंधीच्या काही तरतुदी गेल्या आणि त्यांच्याबरोबर ‘वाखाणणी’वरची बंदीही गेली, कारण ती भाषणस्वातंत्र्याशी विसंगत ठरली. दारू पिण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही, पण तिच्याविषयी बरे बोलण्याचा हक्क दिला. सामान्य माणसाला हा फरक विनोदी वाटेल. समीक्षकासाठी तो पायाभूत आहे : पिणे आणि पिण्याविषयी बोलणे या दोन वेगळ्या कृती आहेत, हे त्या निकालाने मान्य केले.

दुर्दैवाने तो हक्क आपण वापरला नाही. कायद्याची भाषा आजही पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात पंचविशी ओलांडलेल्या माणसाला विदेशी पद्धतीचे मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्याच्या कारणासाठी दिला जातो. म्हणजे शासनाच्या लेखी मद्य एकतर अपराध आहे किंवा औषध. ते चवीसाठीही घेतले जाऊ शकते ही शक्यता कागदावर नाही. मौन कलमातून निघाले ते अर्जाच्या नमुन्यात जाऊन बसले.

३. मळी आणि मोड

चवीची चर्चा करण्यापूर्वी पदार्थ समजून घेणे भाग आहे, कारण आपल्याकडे ‘व्हिस्की’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली आपल्या घरची. कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस कारखान्यात जातो, साखर निघाल्यावर मळी उरते, ती आंबवून डिस्टिलरीत तिचे स्पिरिट काढतात. शुद्ध करत करत ते जवळजवळ बिनवासाचे, बिनचवीचे होते. त्यात रंग, स्वाद आणि कधी थोडे माल्टचे किंवा स्कॉचचे प्रमाण मिसळून ज्या बाटल्या भरतात, त्यांतल्या अनेकांवर व्हिस्की असेच लिहिलेले असते. युरोपीय नियमांनुसार व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून मळीच्या द्रव्याला तिथे ते नाव लावता येत नाही. आपल्या बाटल्यांवर ४२.८ टक्के हा जो विचित्र आकडा दिसतो तो जुन्या ब्रिटिश मोजपट्टीवरचा ७५ अंश प्रूफ. इंग्रज गेले, पट्टी राहिली.

दुसरी वस्तू म्हणजे सिंगल माल्ट. फक्त मोड आणलेले जव, एकच डिस्टिलरी, तांब्याचे भांडे, ओकच्या लाकडाचे पिंप. मोड आणण्याचे कारण मराठी घरात समजावून सांगावे लागू नये. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून तिचे सत्त्व करणारी बाई माल्टच करीत असते. धान्य अंकुरताना त्यातली पाचकद्रव्ये जागी होतात आणि पिष्टाची साखर करू लागतात, म्हणून मोडाची नाचणी गोडसर लागते. जवाच्या या गोड पाण्यात यीस्ट घालून ते आंबवतात, साधारणपणे दोनदा ऊर्ध्वपातित करतात आणि पिंपात भरतात. स्कॉटलंडमध्ये ते किमान तीन वर्षे पिंपात राहावे लागते.

भारतातली पहिली नावाजलेली सिंगल माल्ट बंगळुरूची. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ साली स्थापन केलेल्या अमृत डिस्टिलरीजने ती आणली. जगदाळे हे आडनाव सातारा-सांगलीकडच्या वाचकाला परके वाटणार नाही. त्यांचे पुत्र नीलकंठराव यांच्या काळात, ऑगस्ट २००४ मध्ये, ही व्हिस्की आधी भारतात न विकता थेट ग्लासगोत नेली गेली. पुण्याच्या आंब्याला रत्नागिरीत गिऱ्हाईक शोधण्यासारखे ते धाडस होते. गोव्यात कुंकळ्ळी येथे जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही सिंगल माल्ट तयार होते आणि २०१२ मध्ये तीही प्रथम लंडनमध्ये आली. त्यानंतर रामपूर, इंद्री अशी नावे आली, आणि आता नाशिकजवळच्या दिंडोरीतही सिंगल माल्ट बनते.

हवामानामुळे या व्हिस्क्यांचे गणित बदलते. पिंपातून दरवर्षी काही भाग उडून जातो. त्याला देवदूतांचा वाटा म्हणायची पद्धत आहे. स्कॉटलंडमध्ये तो साधारण दोन टक्के, बंगळुरूत दहा ते बारा. दोन टक्क्यांनी बारा वर्षे गेली तरी पिंपात मूळच्या सुमारे ७८ टक्के उरते. अकरा टक्क्यांनी चारच वर्षांत ६३ टक्के उरते. उष्णतेने लाकडाचा अर्कही भराभर उतरतो. म्हणून ‘बारा वर्षांची’ म्हणजे चांगली आणि ‘चार वर्षांची’ म्हणजे कच्ची, हा स्कॉटलंडचा हिशेब इथे लागू पडत नाही. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आधीपासून आहे : मुरणे. लोणचे किती महिन्यांचे आहे हे कुणी विचारत नाही, मुरले का ते विचारतात. मुरण्याला पंचांग नाही, ऊन आणि बरणी आहे.

४. वाटी, चमचा आणि आठ कप

आता तपासण्याची रीत. कमलाबाई ओगले कुंडलच्या, लग्नानंतर सांगलीच्या. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले. त्या पुस्तकाचे मोठेपण पदार्थांच्या संख्येत नाही, मापात आहे. ‘अंदाजाने’ आणि ‘बेताचे’ या शब्दांवर चालणाऱ्या स्वयंपाकाला त्यांनी वाटी आणि चमचा दिला. त्यामुळे एकीची चव दुसरीला पुन्हा करून पाहता आली. चवीचे ज्ञान सासूकडून सुनेकडे जाण्याऐवजी कुणाकडूनही कुणाकडेही जाऊ लागले. माझ्या मते चवीच्या समीक्षेचा मराठीतला पाया हाच आहे. पुन्हा करून पाहता येते तीच नोंद.

घरच्या चाचणीत तेच तत्त्व लावायचे. पेले एकसारखे, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते. प्रत्येकात १५ मिली, म्हणजे बारमधल्या लहान पेगच्या निम्मे. वर बशी झाकून पंधरा मिनिटे थांबायचे. द्रव्याची तीव्रता सारखी करून घ्यायची, नाहीतर जास्त अल्कोहोल असलेली व्हिस्की उगाच भारदस्त वाटते. अमृत फ्यूजन ५० टक्क्यांची, पॉल जॉनच्या ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड ४६ टक्क्यांच्या. फ्यूजनच्या १५ मिलीत सुमारे १.३ मिली पाणी घातले की ती ४६ वर येते. औषधाच्या दुकानातली बिनसुईची सिरिंज हे काम चोख करते. तोंडात घोळवायचे, नोंद करायची आणि बरेचसे थुंकून टाकायचे. थुंकणे ज्याला अपमानास्पद वाटते त्याने चाचणीचे नाव घेऊ नये, पितो म्हणावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेले कुणी दुसऱ्याने भरायचे आणि बाटली दिसता कामा नये. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाचे उदाहरण दिले आहे. कपात आधी दूध घातले की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येते असे एका बाईंचे म्हणणे. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम उलटसुलट. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. आपल्याला घरी याहून सोपे करता येते : तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. ओळीने सहा वेळा बरोबर आले तर ७२९ मध्ये एक. तेवढे झाले की ‘मला फरक कळतो’ असे म्हणण्याचा अधिकार मिळाला. फरक कोणता, हे सांगण्याचे काम त्यानंतर सुरू होते.

ही शिस्त का हवी? बोर्दोतल्या संशोधकांनी पांढऱ्या वाईनला बिनवासाचा लाल रंग दिला आणि ती ५४ जणांपुढे ठेवली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. किंमत जास्त सांगितली की तीच वाईन अधिक आवडते, हे २००८ च्या एका अमेरिकन प्रयोगाने दाखवले. डोळा आणि खिसा जिभेच्या आधी बोलतात. स्कॉच व्हिस्कीत रंगासाठी साधा कॅरामल घालण्याची कायद्याने मुभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे गडद सोनेरी रंगाची भुरळ किती स्वस्त आहे ते कळते.

५. शब्दांची परीक्षा

गोव्याच्या तीन पेल्यांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण डिस्टिलरी एक आहे आणि मुख्य फरक धुराचा आहे. ब्रिलियन्समध्ये धूर नाही, एडिटेडमध्ये थोडा आहे, बोल्डमध्ये उघड आहे. हा धूर येतो पीटचा. पाणथळ जागी हजारो वर्षे दबलेल्या वनस्पतींचा, दगडी कोळसा होण्याआधीच्या अवस्थेतला हा थर. त्याच्या धुरावर मोड आलेले जव वाळवतात, तेव्हा धुरातली फिनॉल जातीची द्रव्ये दाण्यात शिरतात. गोव्यातल्या व्हिस्कीसाठीही तो स्कॉटलंडचा असतो.

इंग्रजी नोंदीत या सगळ्याला ‘स्मोकी’ म्हणतात. मराठीत एवढ्यावर भागत नाही, आणि भागू नये. चुलीवरचे दूध धुरकट लागते, ती तक्रार असते. भाकरी खरपूस होते, ती दाद असते. तीच भाकरी दोन मिनिटे जास्त राहिली की करपट. भाजलेले दाणे खमंग, जळालेले तेल जळकट. आच तीच, धूर तोच, पण प्रत्येक शब्दात निवाडा आधीच दिलेला आहे. इंग्रजीत वर्णन आणि मूल्यमापन यांच्या दोन ओळी लिहाव्या लागतात. इथे एका विशेषणात दोन्ही होतात. मराठीतला चवीचा शब्दसंग्रह हा मुळातच समीक्षेचा शब्दसंग्रह आहे.

या शब्दांनी पाहिले तर माझ्या वहीतल्या नोंदी अशा दिसतात. ब्रिलियन्स : नव्या गुळाच्या ढेपेचा वास, त्यामागे मोडाच्या धान्याची भाजणी. तोंडात मध, शेवटी दालचिनी आणि किंचित तुरटपणा. एडिटेड : तोच गूळ, पण आता काहिलीच्या कडेला लागलेला. ताजी भाजलेली कॉफी. धूर खरपूस, धुरकट नव्हे. बोल्ड : आधी चुलवाणातली राख आणि चिपाडाचा धूर, क्षणभर टिंक्चरसारखा जुन्या दवाखान्याचा वास, मग उशिरा उतरणारा गोडवा. अमृत फ्यूजनमध्ये भारतीय जवाबरोबर स्कॉटलंडचे धुरावलेले जव असतात. तिथे संत्र्याच्या सालीचा मोरंबा, काळे चॉकलेट आणि मागून येणारा धूर. लाकूड भरपूर, पण चहाचा काढा व्हावा तितके नाही.

दुसरा पारखीचा प्रसंग गंधकाचा. शेरी नावाच्या स्पॅनिश वाईनची पिंपे टिकावीत म्हणून त्यांत गंधक जाळण्याची जुनी पद्धत आहे. अशा पिंपातल्या काही व्हिस्क्यांना काडेपेटीची छटा येते. इंग्रजी नोंदींत यावर मोठे वाद होतात, अनेकांना ती ओळखूही येत नाही. तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर काम केलेल्या माणसाला ती सांगावी लागणार नाही. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, ती कमी झाली तर रंग जातो आणि जास्त झाली तर वास राहतो, हे त्याच्या रोजीरोटीचे ज्ञान आहे. सौद्यात मूठभर माल नाकाशी नेणारा व्यापारी पाश्चात्य चाखणाऱ्याइतकाच तयार असतो. त्याच्या नाकाला आपण पारख म्हणतो आणि परक्याच्या नाकाला कला, एवढाच फरक.

संस्कृतकडे वळून शब्द घेण्याचा मोह होतो, पण तिथे जपून जावे. आयुर्वेदातल्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठी वाचकाच्या कानाला कटु हा कडूच वाटतो. ‘कषाय रसाचा अनुभव’ लिहिण्यापेक्षा ‘तुरट’ लिहिलेले बरे. स्वयंपाकघराच्या भाषेला शास्त्राचा मुलामा लागत नाही.

पाणी घालावे की नाही, या जुन्या वादालाही आता थोडे रसायनशास्त्र मिळाले आहे. स्वीडनच्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपाने दाखवले की अल्कोहोल सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असेल तेव्हा ग्वायकॉल हे धुराच्या वासाचे द्रव्य पृष्ठभागाजवळ राहते, त्याहून तीव्र मिश्रणात ते आत दडते. थोडक्यात, थोड्या पाण्याने वास उघडतो, खुल्या जवारीसारखा. जास्त पाण्याने व्हिस्की पाणचट होते. पाणचट, सपक, मिळमिळीत, मचूळ या चार पायऱ्या मराठीने आधीच मोजून ठेवल्या आहेत.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप आयात केलेल्या पद्धतीवर, म्हणजे गुणांवर. अमृत फ्यूजनचे नाव जगभर झाले ते जिम मरे यांच्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत तिला शंभरपैकी ९७ गुण आणि जगात तिसरा क्रमांक मिळाला म्हणून. वास, चव, शेवट आणि तोल यांना प्रत्येकी २५ गुण, अशी ती पद्धत. पण ९७ आणि ९४ यांतला तीन गुणांचा फरक नेमका कोणत्या वासात आहे, हे वाचकाला तपासता येत नाही. आपल्याला अभिमान वाटला, तो आकड्याचा वाटला. चवीचे काय झाले, हे कुणी मराठीत लिहिले नाही. याच पुस्तकातल्या व्हिस्कीची तुलना स्त्रीच्या देहाशी करणाऱ्या वाक्यांवर २०२० साली पत्रकार बेकी पास्किन यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि काही विक्रेत्यांनी ते ठेवणे थांबवले. ‘मदिरा आणि मदिराक्षी’ ही जोडी आपल्याकडेही गुळगुळीत झालेली आहे. शब्द मराठी आहे एवढ्याने तो स्वच्छ होत नाही.

दुसरा आक्षेप माझ्याच शब्दांवर घेतला जाईल. गुऱ्हाळ, काहील, चुलवाण हे सगळे स्मरणरंजन झाले. सांगलीत सदनिकेत वाढलेल्या मुलीने गुऱ्हाळ पाहिलेले नसेल, तिला ‘काहिलीच्या कडेला लागलेला गूळ’ हे व्हॅनिलाइतकेच परके. आक्षेप खरा आहे. वास गेला की शब्द पोकळ होतो. पण उपाय परका शब्द उसना घेणे हा नाही. तिने आपल्या नाकाचे शब्द आणावेत : पहिल्या पावसातला डांबरी रस्ता, नव्या वहीचा डिंक, बेकरीतली खारी. अट एकच, की शेजारच्याला तो वास ओळखीचा असावा आणि पेल्यात सापडावा.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. घरोघर दारूने झालेली वाताहत पाहिलेल्या प्रदेशात चवीची चर्चा करणे हा चोचला नव्हे काय? गावातल्या स्त्रियांनी मतदान करून आडवी बाटली निवडायची आणि शहरातल्या माणसाने उभ्या बाटलीवर निबंध लिहायचा? याला पळवाट नाही. अल्कोहोलचा समावेश कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच झाला आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही असे स्पष्ट सांगितले आहे. सुंदर शब्दाने यातले काहीही बदलत नाही. जिभेच्या मर्यादाही माहीत असाव्यात. २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल जिभेला ओळखू येत नाही, कितीही तयार जीभ असली तरी.

पण आडवी बाटली निवडणाऱ्या बाईचे आणि समीक्षकाचे भांडण आहे असे मला वाटत नाही. दोघेही एकाच गोष्टीला विरोध करतात : न पाहता, न मोजता, विसरण्यासाठी रिकामा केलेला पेला. खरी विसंगती दुसरीकडे आहे. मळीच्या देशी दारूवर सारा नैतिक भार टाकायचा आणि माल्टला संस्कृतीचा दर्जा द्यायचा, ही वाटणी आपण शांतपणे मान्य केली आहे. देशीच्या बाटलीवर संत्रा लिहिलेले असते. त्या संत्र्यात संत्रे किती, हे कुणी चाखून लिहिलेले नाही. पिणारा मजूर असला की व्यसन आणि वकील असला की रसिकता, हे तर सुधाकराची कथा वाचलेल्या समाजाला शोभत नाही. मराठीत चवीची समीक्षा व्हायची असेल तर तिने सगळ्या बाटल्या एकाच मापाने मोजाव्यात : देशी, मळीची तथाकथित व्हिस्की, गोव्याचा माल्ट, ग्लासगोहून आलेला माल्ट. जे पाणचट त्याला पाणचट म्हणावे, जे करपट त्याला करपट, जिथे लेबल खोटे बोलते तिथे लेबल खोटे म्हणावे. असे न करता फक्त महागड्या पेल्यांवर लिहिले तर ती जाहिरात होईल, आणि जाहिरातीची भाषा आपल्याकडे पुरेशी आहे.

गडकऱ्यांनी पेल्याचा परिणाम दाखवला. कायद्याने पेल्याची स्तुती अडवली आणि न्यायालयाने ती मोकळी केली. कमलाबाईंनी चवीला माप दिले. या चारही गोष्टी मराठीत झालेल्या किंवा मराठी मुलखात घडलेल्या आहेत. त्यांना एकत्र आणून पेल्यात नेमके काय आहे हे निंदा आणि हशा बाजूला ठेवून सांगणे, एवढेच काम उरले आहे. त्यासाठी शब्द शोधायला लांब जावे लागत नाही, आणि पिण्याची तर मुळीच गरज नाही. वास घेतला तरी पुष्कळ होते.